जुन्या कॅराव्हॅन ट्रेलरच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह कुठे आणि कसा बसवावा?

माडाखालचा ट्रेलर

माझा ट्रेलर १४ फुटी, सत्तरच्या दशकातला. आतून लाकडी सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतल्या भिंतींना ४ मिमी प्लाय. वर्षातले आठेक महिने वेळणेश्वरजवळ वाडीत उभा असतो. उरलेले दिवस मालवण-तारकर्ली, आणि वर्षातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे.

स्वयंपाकाच्या बाजूला दोन बर्नरची शेगडी, बेसिन आणि त्यांच्या वर भिंतीला टांगलेलं कपाट आहे. त्या कपाटाचं आतलं माप ५२ सेंमी रुंद, ३६ खोल, ३३ उंच. दाराशेजारी कपड्यांचं उभं कपाट आहे, ६० रुंद आणि ५० खोल.

२० लिटरचा साधा सोलो (फक्त गरम करणारा) मायक्रोवेव्ह घ्यायचा विचार आहे. त्याचं बाहेरचं माप ४५ x ३४ x २६ सेंमी, वजन साधारण १२ किलो, मागच्या पट्टीवर इनपुट १२०० वॅट लिहिलेलं आहे.

प्रश्न असे. टांगत्या कपाटात तो बसतो, पण बसवावा का? घरचा ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी पडून आहे, ती ट्रेलरमध्ये टाकली तर चालेल का? आणि खाऱ्या हवेसाठी वेगळं काही करावं लागतं का?

रंधा-पटाशी

टांगत्या कपाटात नको. तिथे तो मावतो, पण मावणं वेगळं आणि चालणं वेगळं.

आधी हवेचं बघा. हा मायक्रोवेव्ह १२०० वॅट ओढतो, त्यातले ७०० ते ७५० वॅट अन्नात जातात. राहिलेले साडेचारशे वॅट गरम हवा होऊन मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून बाहेर पडतात. तुमच्या कपाटात मागे २ सेंमी, दोन्ही बाजूंना साडेतीन आणि वर ७ सेंमी उरतात. बाहेर टाकलेली गरम हवाच पंखा पुन्हा आत ओढणार. पाच-सात मिनिटांत थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो आणि मशीन मध्येच बंद होतं. लोक मशीनला दोष देतात, चूक कपाटाची असते. बहुतेक मॉडेलच्या पुस्तिकेत वर २० ते ३० सेंमी, मागे १० आणि बाजूंना ५ च्या वर मोकळी जागा मागितलेली असते. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतच बघा आणि तोच पाळा. शिवाय हे कपाट शेगडीच्या वर आहे. शेगडीची वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर थेट जाळीत जाईल.

आता वजन. उभा असताना १२ किलो असलेला मायक्रोवेव्ह खड्ड्यात आणि गतिरोधकावर तिप्पट-चौपट ओढ देतो. परशुराम घाटातली वळणं, दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीचा रँप, सगळीकडे तो झटका त्या कपाटाच्या स्क्रूंवर येणार. पन्नास वर्षांपूर्वीच्या ४ मिमी प्लायमध्ये लाकडाचे स्क्रू किती काळ धरतील याचा भरवसा नाही.

तुमचं कपड्यांचं कपाट मात्र या कामाला अगदी योग्य आहे. त्यात जमिनीपासून ८० सेंमीच्या आसपास फळी घाला. त्या उंचीवर वाटी बाहेर काढताना ती छातीच्या खाली राहते, गरम आमटी तोंडावर सांडत नाही. फळीच्या वर ५० सेंमी उंचीचा खण ठेवा. रुंदीत दोन्ही बाजूंना साडेसात, मागे १०, वर वीसच्या वर, असं सगळं माप जुळतं. त्या खणाचं दार काढूनच टाका. दार ठेवलंत तर ते एक दिवस कुणीतरी बंद ठेवून मशीन चालवणार.

काम सुरू करण्याआधी सांगाडा तपासा. टोच्या घेऊन खिडकीखालचं, चाकाच्या कमानीजवळचं आणि छताच्या सांध्याखालचं लाकूड टोचून बघा. टोक सहज आत गेलं किंवा भुसा निघाला तर तिथे पाणी मुरलेलं आहे. कुजका तुकडा कापून नवीन सागाचा तुकडा जोडेपर्यंत फळीला हात लावू नका.

फळी १८ मिमी मरीन प्लायची, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. दुकानात आयएस ३०३ चा माल 'वॉटरप्रूफ' म्हणून पुढे करतात, तो इथे नको. चारही कापलेल्या कडांना इपॉक्सीचे किंवा पीयू पॉलिशचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं. खाली तीन बाजूंना सागाच्या ३८ x २५ मिमी रिपा. बाजूच्या दोन रिपा कपाटाच्या उभ्या फळ्यांना एम-६ च्या आरपार बोल्टने आवळायच्या, दर १५ सेंमीला एक बोल्ट, मागून ३० मिमीचा रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट हादऱ्याने सुटतो. मागची रीप फक्त सांगाड्याच्या उभ्या लाकडात स्क्रूने धरा. ते लाकूड कुठे आहे ते भिंत वाजवून आणि चुंबकाने खिळे शोधून कळतं. बाहेरच्या पत्र्यातून आरपार भोक कधीच पाडू नका. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, एक भोक पुरतं.

मशीन फळीवर पक्कं कसं करायचं? त्याच्या बॉडीला भोक पाडून नाही. आत हाय व्होल्टेजचा कपॅसिटर आणि वायरिंग आहे. ड्रिलचं टोक कुठे जाईल ते बाहेरून दिसत नाही, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. म्हणून बाहेरूनच धरा. मायक्रोवेव्ह जागेवर ठेवून चार रबरी पायांभोवती खडूने खूण करा आणि त्या खुणांवर १२ मिमी प्लायचे इंग्रजी एल आकाराचे चार तुकडे चिकटवून, स्क्रू करून बसवा. काही जण पायांसाठी फळीत खाच कोरतात. तसं करू नका. बऱ्याच मशीनना तळाशीही जाळी असते आणि पायांच्या उंचीएवढी फट हाच तिथल्या हवेचा रस्ता असतो. खाच कोरली की तो रस्ता अर्धा होतो.

वरून २५ मिमीचा पट्टा घ्या, साध्या दाबबकलाचा. रॅचेटचा पट्टा आवळताना अंदाज राहत नाही, पातळ पत्रा दबतो आणि दाराची फट वाकडी होते. दार नीट न बसलेला मायक्रोवेव्ह वापरायचा नाही. पट्टा जाळीवरून जात असेल तर थांबल्यावर आधी तो काढायचा, मग मशीन लावायचं. काचेची ताटली आणि तिच्याखालची चाकांची रिंग निघताना बाहेर काढून टॉवेलात गुंडाळून गादीखाली ठेवायची.

फेज-न्यूट्रल

लाकूडकामाचं उत्तर पूर्ण आलं आहे. विजेचं सांगतो.

११०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर चालणार नाही. त्यावरचा आकडा व्हीएमध्ये असतो, प्रत्यक्षात साडेआठशे-नऊशे वॅट मिळतात. मशीनला १२०० हवेत, आणि सुरू होताना आतला ट्रान्सफॉर्मर क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. 'मग पॉवर निम्म्यावर ठेवतो' ही सूचना नेहमी येते. साधा सोलो मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर निम्मा करंट घेत नाही, तो पूर्ण ताकदीने काही सेकंद चालतो आणि काही सेकंद थांबतो. इन्व्हर्टरला दर वेळी पूर्ण १२०० वॅटच द्यावे लागतात.

स्क्वेअर वेव्हवाला (चौकोनी लाटेची वीज देणारा) इन्व्हर्टर मोठा असला तरी घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर जोरात घुमतो आणि जास्त तापतो. शिवाय मॅग्नेट्रॉनला (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) मिळणारा दाब लाटेच्या शिखरावर अवलंबून असतो आणि ते शिखर स्क्वेअर वेव्हमध्ये कमी असतं, त्यामुळे अन्न अर्धवट गरम होतं. प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोलसर लाट), २००० वॅट सलग देणारा घ्या.

आता १२ व्होल्टच्या बाजूचा हिशेब करा, इथेच बहुतेक जण चुकतात. १२०० वॅट, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर बॅटरीतून साधारण १३६५ वॅट निघतात. भागिले १२ केलं की ११४ अँपिअर. घरच्या २३० व्होल्टला हाच लोड सव्वापाच अँपिअरचा असतो. म्हणून घरच्या सवयीने वायर निवडू नका. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दीड मीटर जाऊन दीड मीटर परत, म्हणजे तीन मीटर तांबं. ते १६ एमएमचं (म्हणजे छेद १६ चौरस मिमी) असेल तर ११४ अँपिअरला सुमारे ०.३७ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि वायर हाताला चटका देते. ५० एमएमची घेतली तर ०.१२ व्होल्टवर काम भागतं. ५० एमएमच घ्या, आणि अंतर दीड मीटरच्या आत ठेवा. वायर लांबवायचीच असेल तर २३० व्होल्टची लांबवा, १२ ची नको.

पॉझिटिव्हवर बॅटरीपासून २० सेंमीच्या आत २०० अँपिअरचा फ्यूज हवाच. लिथियम बॅटरी असेल तर टी क्लासचा, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम जेवढा करंट सोडते तो तोडायची ताकद स्वस्त फ्यूजमध्ये नसते. लग (वायरच्या टोकाला बसणारे डोळे) टिन चढवलेले तांब्याचे, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले. पक्कडीने चेपलेला लग खाऱ्या हवेत आतून हिरवा पडतो आणि मग तिथेच तापतो.

ट्युब्युलर बॅटरी ट्रेलरच्या आत नको. पन्नास-साठ किलो वजन, घाटात हिंदकळणारं अॅसिड आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन. शिवाय ११४ अँपिअर ओढले की तिचा दाब झपकन खाली येतो, बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवून थांबतो. या कामाला २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते. तिच्या बीएमएसवर (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) १५० ते २०० अँपिअर सलग असं लिहिलेलं बघून घ्या. १०० अँपिअरच्या बीएमएसची बॅटरी मायक्रोवेव्ह लावला की बंद पडेल. खप मात्र वाटतो तेवढा नाही. दहा मिनिटं मायक्रोवेव्ह म्हणजे सुमारे २२७ वॅट-अवर, म्हणजे १९ एएच. ओढणाऱ्या गाडीवरून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर तेवढं पाऊण तासाच्या आत भरून निघतं. खरा चोर इन्व्हर्टरच असतो. तो नुसता सुरू ठेवला तर १५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला ३० एएच. काम झालं की बटणाने बंद करा.

आता सुरक्षेचं. घरची लाइन आणि इन्व्हर्टरची लाइन एकमेकांना कधीही भेटता कामा नयेत, त्यामुळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा टू-पोल चेंजओव्हर लावा. त्याच्या पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि १० अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच). ट्रेलरची चॅसी आणि अॅल्युमिनियमची बॉडी ६ एमएमच्या हिरव्या वायरने अर्थबारला जोडा. इन्व्हर्टरवर चालताना एक गोष्ट विसरली जाते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतील तर आरसीसीबी कधीच पडणार नाही, तिचं टेस्ट बटण दाबून समाधान होईल एवढंच. ही जोडणी इन्व्हर्टरवर असताना हवी आणि घरच्या लाइनवर असताना सुटलेली हवी. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये त्यासाठी आत रिले असतो, विकत घेताना तेवढं विचाराच. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या.

गॅस सिलिंडरच्या कप्प्यात इन्व्हर्टर किंवा बॅटरी ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. ट्रेलरच्या जमिनीतली गॅस खाली निघून जाण्याची जाळीही कशानेच झाकायची नाही.

खाडीपलीकडून

फेज-न्यूट्रल यांचं गणित बरोबर आहे, पण ट्रेलर आठ महिने वाडीत उभा असेल तर एवढा खर्च कशासाठी? इन्व्हर्टर, लिथियम, ५० एमएम वायर मिळून मायक्रोवेव्हच्या कितीतरी पट पैसे जातात. प्रवासात गॅसवर गरम करा, मायक्रोवेव्ह फक्त घरच्या लाइनवर ठेवा. माझं मत तसंच आहे. बॅटरी नंतर कधीही वाढवता येते.

त्यासाठी ट्रेलरच्या बाहेर निळा १६ अँपिअरचा झाकणवाला सॉकेट बसवा आणि घरापासून अडीच एमएमची तीन कोअर लवचीक केबल टाका. २५ मीटर लांबीला मायक्रोवेव्ह चालू असताना जेमतेम दोनेक व्होल्ट पडतात. केबल ड्रमवर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, आतले वेढे तापतात आणि इन्सुलेशन वितळतं. खळ्यातून नेताना जमिनीवर लोळू देऊ नका, कौलाच्या वळचणीखालून वर टांगा.

कोकणात अर्थिंगकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. जांभ्यात आणि सड्यावर (खडकाळ पठारावर) जमीन विजेला अडवते, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की आणखीच. अर्थिंगचा रोध १०० ओहम असेल तर फेज बॉडीला लागल्यावर जेमतेम सव्वादोन अँपिअर वाहतो, एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरलाच पडते. म्हणून ती ट्रेलरमध्ये आणि घराच्या बोर्डावर, दोन्हीकडे हवी.

खाऱ्या हवेबद्दल. बोल्ट-वॉशर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, ३०४ समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके धरतो. स्टेनलेस जिथे अॅल्युमिनियमला टेकतो तिथे नायलॉनचा वॉशर किंवा ग्रीसचा थर द्या, नाहीतर अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं. मशीन निवडताना टच पॅनेलऐवजी दोन गोल बटणांचं घ्या. दमट हवेत पॅनेलच्या पट्ट्या आधी जातात, आणि फिरत्या बटणाच्या मशीनला घड्याळाचा खपही नसतो. कन्व्हेक्शनवालं (गरम हवेने भाजणारं) नको, त्याचा इनपुट दोन हजार वॅटच्या आसपास जातो.

आतल्या रंगाचा टवका उडाला की तिथे गंज धरतो आणि ठिणग्या पडायला लागतात. प्रत्येक वापरानंतर कोरड्या फडक्याने आतून पुसा, विशेषतः दाराच्या कडेची चौकट आणि उजव्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा. त्या पत्र्यावर तेल उडून काळं झालं तर तो जळतो. तो बदलायला स्वस्त आहे, पण काढून टाकून मशीन चालवायचं नाही.

आणि पाली. उबदार जागा म्हणून त्या मागच्या जाळीतून आत शिरतात, कंट्रोल बोर्डावर बसतात आणि बोर्ड शॉर्ट होतो. मुंग्या आणि झुरळंही तसंच करतात. मशीनच्या जाळीवर मच्छरदाणी चिकटवू नका, हवा अडते. खणाला हवेसाठी जी भोकं ठेवाल त्यांना २ मिमीची स्टेनलेस जाळी लावा. आणि पुढून खण उघडा असल्यामुळे ट्रेलर बंद ठेवताना मायक्रोवेव्हवर सुती कापडाची खोळ घाला. प्लास्टिकची नको, आत दव धरतं.

माडाखाली उभा करता असं नावावरून दिसतं. एक नारळ पडला तरी अॅल्युमिनियमच्या छताला पोचा येतो आणि सांधा उघडतो. दहा पावलं बाजूला घ्या.

माडाखालचा ट्रेलर

सगळ्यांचे आभार. फळी कपड्यांच्या कपाटातच घालतो आणि सध्या घरच्या लाइनवरच ठेवतो. तीन शंका राहिल्या. खणाला पुढून दार नसलं तरी मागे हवेची भोकं लागतील का? संध्याकाळी वाडीत विजेचा दाब १९० व्होल्टपर्यंत उतरतो, त्याने मशीन खराब होईल का? आणि पुढे लिथियम घेतली तर मे महिन्यात बंद ट्रेलरमध्ये ठेवली तर चालेल?

रंधा-पटाशी

लागतील. दार नसलं तरी वरच्या मागच्या कोपऱ्यात गरम हवा कोंडते. खणाच्या छताच्या फळीत मागच्या बाजूला १५० चौरस सेंमी, म्हणजे ३० x ५ सेंमीची एक फट कापा, आणि तेवढीच फट मायक्रोवेव्हच्या फळीत मागच्या कडेला. हवा खालून वर चढेल. दोन्ही फटी ट्रेलरच्या आतच उघडायला हव्यात, बाहेरच्या भिंतीत नकोत. वरच्या खणात मग कपडे कोंबू नका.

फेज-न्यूट्रल

१९० ला मशीन सहसा बिघडत नाही, पण ताकद कमी पडते आणि पदार्थ मधे थंड राहतो. नेमकी किती कमी पडते ते घरीच मोजता येतं. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, ढवळून थर्मामीटरने तापमान लिहा. पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं चालवा, बाहेर काढून लगेच पुन्हा ढवळून मोजा. जेवढे अंश वाढले त्याला ३५ ने गुणा, तेवढे वॅट पाण्यात गेले. २७ चं ४७ झालं तर ७०० वॅट, मशीन ठीक आहे. हीच चाचणी दुपारी आणि संध्याकाळी करून बघा. संध्याकाळी १३-१४ अंशच वाढत असतील तर २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावण्यात अर्थ आहे, नाहीतर एखादं मिनिट जास्त द्या. पुढे इन्व्हर्टर घेतलात तर त्यावरही हेच करा. आकडा पडला तर दोष वायरमध्ये, लगमध्ये किंवा लाटेत आहे.

मशीन रिकामं कधी चालवू नका. आणि आठळ्या भाजायच्या असतील तर प्रत्येकीला सुरीने चीर द्या, नाहीतर आत वाफ कोंडून त्या फुटतात आणि अभ्रकाच्या पत्र्याचा चुरा करतात.

लिथियमचं असं, की बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. मेच्या दुपारी बंद ट्रेलर त्याच्या वर जातो. बॅटरी पलंगाखाली, चाकांच्या आसाजवळ, जमिनीलगत ठेवा. तिथे तापमान सगळ्यात कमी असतं आणि वजनही बरोबर जागी पडतं. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री करा. पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर निम्मी भरून मेन स्विच काढून ठेवा, पूर्ण भरून नको.